खाणीतून संगणकाकडे : दीर्घ बेकारीनंतरचे पुनर्प्रशिक्षण

(भाषणाचा मजकूर)



काम करणाऱ्या माणसाच्या हातून काम गेले म्हणजे त्याची मिळकत जाते, हे सर्वांनाच दिसते. परंतु मिळकतीबरोबर आणखी काही जाते. ते सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्थाल नावाची एक वस्ती होती. तिचा सारा प्रपंच एका कापड गिरणीवर चालत असे. १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकाच वेळी बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल या संशोधकांनी गावाची बारकाईने पाहणी केली व १९३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळून आली. गावकऱ्यांजवळ आता वेळच वेळ होता. तरीही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झाले होते. रस्त्याने जाणारे पुरुष संथ चालत आणि वाटेत वारंवार थांबत. कित्येकांनी जवळ घड्याळ बाळगणे सोडून दिले होते. बेकारीने त्यांना फुरसत दिली नव्हती. वेळेला जो अर्थ असतो तोच तिने हिरावून घेतला होता.

या पाहणीला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. तरीही पुनर्प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात ठेवावयास हवी. वर्ष-दोन वर्षे घरी बसलेल्या माणसाला 'आता नवे शिका' असे सांगणे सोपे आहे. पण ज्याची पुस्तक उघडण्याचीच उमेद गेली आहे, तो शिकावयास कोणत्या बळावर बसणार? आणि शिकला तरी त्याला काम कोण देणार? अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज निरनिराळ्या नोकऱ्यांसाठी पाठवून एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. अर्जदार जितके अधिक महिने कामावाचून होता, तितकी त्याला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता घटत गेली. आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. म्हणजे बेकारी आतून माणसाची उमेद खाते आणि बाहेरून त्याच्या नावावर शिक्का मारते. हे दुहेरी संकट ध्यानात न घेता आखलेला कोणताही प्रशिक्षण वर्ग कागदावर कितीही चांगला दिसला, तरी त्याची अखेर बहुधा एका प्रमाणपत्रात होते.

मग मार्ग कोणता? या प्रश्नाचे एक उत्तर, तेही मर्यादित पण खरे असे, अमेरिकेतील एका कोळसा खाणींच्या मुलखातून मिळाले आहे.

डोंगरातील एक गाव

केंटकी राज्याचा पूर्व भाग अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत वसलेला आहे. तेथील पाइकव्हिल हे पाइक परगण्याचे मुख्य ठाणे. शंभर वर्षांहून अधिक काळ या मुलखाची चूल कोळशावर पेटत आली. आजा खाणीत, बाप खाणीत आणि मुलगाही खाणीत, अशी घरेच्या घरे तेथे होती. २०११ नंतर मात्र चित्र झपाट्याने पालटले. खडकातून काढलेला नैसर्गिक वायू स्वस्त झाला, वीज केंद्रे कोळशाऐवजी वायूकडे वळली, सोयीचे थर संपत आले आणि पर्यावरणाचे निर्बंधही कडक झाले. अवघ्या पाच वर्षांत पूर्व केंटकीतील खाणकामगारांची संख्या निम्म्याहूनही पुष्कळ खाली आली. खाणींच्या पाठोपाठ यंत्रदुरुस्तीचे कारखाने, मालमोटारी, खानावळी आणि दुकाने यांचाही धंदा बसला. तरुण गाव सोडू लागले. ज्यांचे घर, शेतीचा तुकडा आणि म्हातारे आईबाप तेथेच होते, ते मागे राहिले.

या वेळी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम हा सर्वत्र चर्चेचा विषय झाला होता. हे काम चांगल्या वेतनाचे, कोठेही बसून करता येण्याजोगे आणि दिवसेंदिवस वाढते असे होते. तथापि खाणकामगाराला ते जमेल काय, याविषयी मोठमोठ्यांना शंका होती. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१४ साली एका परिषदेत, खाणकामगाराला आज्ञावली लिहावयास शिकविता येणार नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. बेकार माणसाविषयी आपण किती सहजपणे निर्णय देऊन टाकतो, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

पाइकव्हिलमध्ये मात्र रस्टी जस्टिस आणि लिन पॅरिश हे दोन स्थानिक उद्योजक वेगळा विचार करीत होते. दोघांचाही धंदा कोळशाच्या व्यवसायाशी निगडित होता. आपल्या गावात कोळशावाचून दुसरे काय करता येईल, याचा शोध घेता घेता ते आज्ञावलीच्या व्यवसायापर्यंत येऊन पोहोचले. कोका-कोलाच्या बाटल्या भरण्याच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्यांनी 'बिट सोर्स' नावाची संस्था काढली आणि कामावरून कमी झालेल्या खाणकामगारांसाठी जाहिरात दिली. जागा होत्या दहाच्या आसपास. अर्ज आले ९०० हून अधिक.

हा आकडा क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. नवे शिकण्याची इच्छा या लोकांत नाही, असे मानणाऱ्यांना एवढे एकच उत्तर पुरेसे आहे. आणि जे काही शे लोक परत फिरले असतील, त्यांचे काय, हा प्रश्नही याच आकड्यात दडलेला आहे. त्याकडे पुढे वळावयाचेच आहे.

जुने कौशल्य वाया जात नाही

निवड कल-चाचणी आणि मुलाखती यांवरून झाली. पदवी विचारली गेली नाही. जस्टिस यांचे म्हणणे असे की, खाणकामगार हा मुळातच तंत्रज्ञ असतो. लोक त्याच्या तोंडावरची काजळी पाहतात, त्याच्या हातातले यंत्र पाहत नाहीत.

हे म्हणणे किती यथार्थ आहे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भूमिगत खाणीत मिथेन वायूचा सतत धोका असतो. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांप्रमाणे कोळसा काढण्याच्या जागी मिथेनचे प्रमाण १ टक्का झाले, तर विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा पुरवठा तोडावयाचा, १.५ टक्के झाले, तर माणसे बाहेर काढावयाची. आणि प्रमाण पुन्हा उतरल्याची खात्री झाल्याखेरीज काम सुरू करावयाचे नाही. प्रत्येक पाळीपूर्वी जाणत्या तपासनिसाने खाणीत फिरून वायू, छत आणि हवेचा प्रवाह तपासावयाचा आणि त्याची नोंद ठेवावयाची. आता आज्ञावली म्हणजे तरी काय? 'जर असे असेल तर हे कर, नसेल तर ते कर. ही अट पुरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपास. आणि काय केले त्याची नोंद ठेव.' ज्या माणसाने वर्षानुवर्षे या जर-तरच्या साखळीवर आपला आणि आपल्या सोबत्यांचा जीव सोपविला, त्याला तर्कशुद्ध विचार नव्याने शिकवावा लागत नाही. त्याला शिकवावयाची असते ती तो विचार लिहून काढण्याची नवी लिपी.

खाणीतील वीजतंत्र्याला विद्युत्-मंडलाचे आराखडे वाचता येतात. यंत्र बंद पडले तर दोष कोठे असावा, हे एकेक शक्यता वगळत शोधण्याची त्याला सवय असते. आज्ञावलीतील चूक शोधण्याची रीत याहून निराळी नाही. खेरीज, खाणीत एकट्याने कोणी काम करीत नाही. दुसऱ्याच्या चुकीने आपला जीव जाऊ शकतो, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक असते. आज्ञावलीचे कामही जथ्याने करावयाचे असते आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावयाचे असते. त्या दृष्टीनेही ही माणसे कच्ची नव्हती.

शिकताना पोट कसे भरावयाचे?

या प्रयोगाचे खरे मर्म मात्र पुढेच आहे. निवडलेल्या माणसांना पहिल्या दिवसापासून वेतन मिळाले. सुमारे पाच महिने ते शिकत होते आणि त्या काळात त्यांच्या घरी पगार येत होता. त्यासाठी कामगार प्रशिक्षणाच्या सरकारी निधीचा आधार घेण्यात आला. हे वेतन खाणीतल्या मजुरीहून कमी होते, हेही खरे. बायको-मुलांसह कमी पैशांत संसार रेटणे आणि त्याच वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर नवी विद्या शिकणे, ही साधी गोष्ट नाही. पण घरात काही तरी येत होते. सकाळी उठून जावयास एक ठिकाण होते. मारिएन्थालच्या माणसांनी जे घड्याळ टाकून दिले होते, ते येथे पुन्हा मनगटावर चढले.

शिकविले गेले तेही कामापुरते आणि कामासाठी. संकेतस्थळाची मांडणी करणाऱ्या एचटीएमएल व सीएसएस या भाषा, संकेतस्थळाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट, तयार चौकटीवर संकेतस्थळे उभारण्याची पद्धती, आणि अनेकांनी मिळून लिहिलेल्या आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळण्याची शिस्त, असा तो अभ्यास होता. सुरुवातीचे आठवडे जड गेले यात नवल नाही. परंतु शिकून झाल्यावर 'आता नोकरी शोधा' असे सांगून त्यांना दारापर्यंत पोचविण्यात आले नाही. ज्या संस्थेने शिकविले, त्याच संस्थेत त्यांनी संकेतस्थळे आणि भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या आज्ञावली तयार करण्याचे काम सुरू केले. आधी नोकरी, मग शिक्षण आणि त्याच शिक्षणातून काम, असा हा उलटा वाटणारा पण अनुभवाने सरळ ठरलेला क्रम होता.

महाराष्ट्राला हा क्रम अपरिचित नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' या मंत्राने गोरगरिबांच्या मुलांना विद्येची दारे उघडून दिली. श्रम आणि शिक्षण यांची फारकत करावयाची नाही, हे त्या मंत्राचे सार. पाइकव्हिलच्या प्रौढ विद्यार्थ्यांना लागू पडले ते हेच तत्त्व होय.

दुसरी बाजू

असा एक यशस्वी प्रयोग पाहून त्याच धर्तीवर अनेक ठिकाणी वर्ग निघाले. सर्वच सुफळ झाले नाहीत. शेजारच्या पश्चिम व्हर्जिनिया राज्यात एका संस्थेने खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांना आज्ञावली शिकवून नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन दिले. त्या आश्वासनावर विसंबून काहींनी हातची नोकरी सोडली. वर्ग अर्धवट झाले, नोकऱ्या मिळाल्या नाहीत, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शिकणाऱ्यांची तक्रार केवळ वेळ वाया गेल्याची नव्हती. आपण पुन्हा एकदा फसलो, ही त्यांची वेदना होती.

शासकीय अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी या घटनेचा धडा विशेष मनावर घ्यावयास हवा. प्रशिक्षण फसले तर फक्त निधी बुडतो, असे नव्हे. दीर्घकाळ बेकार राहिलेला माणूस मोठ्या मुश्किलीने एकदा उमेद गोळा करून उभा राहतो. तो दुसऱ्यांदा पडला की तिसऱ्यांदा उठत नाही. आणि त्याच्याकडे पाहून त्याचा शेजारीही पहिल्यांदा उठावयास कचरतो. म्हणून पुढे काम आहे याची खात्री नसताना काढलेला वर्ग हा निरुपद्रवी असतो, असे मानता येत नाही.

घरी बसलेल्या विदुषी

दीर्घकाळ कामावाचून राहिलेल्यांत एक वर्ग असा आहे की, त्याला बेकार म्हणून मोजलेही जात नाही. लग्न, बाळंतपण किंवा घरातील आजारी माणसांची शुश्रूषा यांसाठी नोकरी सोडलेल्या शिक्षित स्त्रियांचा हा वर्ग होय. आज्ञावलीच्या क्षेत्रात त्यांच्यासाठी पहिले मोठे पाऊल ब्रिटनमध्ये पडले. स्टेफनी शर्ली या गणितज्ञ बाईंनी १९६२ साली केवळ सहा पौंडांच्या भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' ही संस्था सुरू केली. नाझींच्या छळापासून वाचविण्यासाठी १९३९ साली आगगाडीने ब्रिटनला पाठविलेल्या मुलांपैकी त्या एक होत. विवाहानंतर किंवा पहिल्या अपत्यानंतर नोकरी सोडलेल्या प्रशिक्षित स्त्रिया त्यांनी हेरल्या आणि त्यांना घरी बसून काम दिले. त्या काळी आज्ञावली पेन्सिलीने कागदावर लिहिली जात असे. संगणक दुसरीकडे असे. तेव्हा हे काम स्वयंपाकघरातील टेबलावरही होऊ शकत होते. लागत असे तो एक दूरध्वनी. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाच्या उड्डाण-नोंदणी यंत्राच्या आज्ञावलीचे काम याच स्त्रियांनी केले. व्यवहाराची पत्रे 'स्टेफनी' या नावाने गेली तर उत्तर येत नाही, असा अनुभव आल्यावर शर्लीबाई 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या! १९७५ साली लिंगभेदाविरुद्धचा कायदा झाला, तेव्हा केवळ स्त्रियांनाच कामावर घेण्याचे धोरण या संस्थेला सोडावे लागले, हीही इतिहासातील एक गंमत म्हणावी लागेल.

भारतातही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. टाटा उद्योगसमूहाने २००८ साली नोकरीत खंड पडलेल्या स्त्रियांसाठी दुसऱ्या कारकिर्दीची योजना सुरू केली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आवश्यक ठरले. मुळात खंड पडूच नये, यासाठी हा उपाय आहे. परंतु ज्यांचा खंड पाच-दहा वर्षांचा झाला, त्यांच्यासाठी शर्लीबाईंचा धडा आजही ताजा आहे. त्यांनी स्त्रियांना कामाच्या वेळेत बसविले नाही. कामाची वेळ स्त्रियांच्या दिनक्रमात बसविली.

भाषा बदलतात, तर्क टिकतो

पुनर्प्रशिक्षणाला येणाऱ्या माणसाच्या मनात एक भय असते : 'आपण शिकलो ते सारे जुने झाले.' हे भय पुरतेपणी खरे नाही. कोबोल ही संगणकाची भाषा १९५९-६० च्या सुमारास तयार झाली. ती कालबाह्य झाली असे अनेकदा जाहीर करण्यात आले. परंतु २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या साथीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्यासाठी अर्जांची रीघ लागली आणि काही दशकांपूर्वीची संगणक यंत्रणा त्या भाराखाली वाकली. तेव्हा राज्यपाल फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी पुढे यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले. बेकारांना भत्ता पोचविण्यासाठी ज्यांचे ज्ञान जुने ठरले होते त्यांचीच वाट पाहावी लागली, हा योगायोग बोलका आहे.

याचा अर्थ नवे शिकू नये, असा नव्हे. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आणि साध्या आज्ञावलीचा मजकूर ती स्वतःच लिहून देऊ लागली. नवशिक्यांची प्राथमिक कामे त्यामुळे कमी होतील, ही भीती निराधार नाही. अशा वेळी एखाद्या भाषेचे व्याकरण पाठ करून घेणारा वर्ग अपुराच ठरणार. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की चूक, हे पारखणारा माणूस पुढेही लागेल. आणि ती पारख ज्याला प्रत्यक्ष कामाची जाण आहे त्यालाच येते. खाणीत काम केलेल्या माणसाला खाणीच्या सुरक्षेची आज्ञावली तपासता येईल. रुग्णालयात काम केलेल्या परिचारिकेला औषधांच्या नोंदीतील चूक चटकन दिसेल. जुना व्यवसाय विसरून नव्हे, तर तो बरोबर घेऊनच नव्या विद्येकडे जावयाचे आहे.

महाराष्ट्राची आठवण आणि महाराष्ट्राचे काम

हे सारे दूरदेशीचे वाटू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतील फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकावयास मिळाला नाही. कोणी कोकणात, कोणी साताऱ्या-सांगलीकडे गावी परतले. कोणी भाजी विकली, कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली. साच्यावर तुटलेला धागा क्षणात हेरणारी त्यांची नजर आणि बोटांतली कला यांची दखल घेऊन पुढचा मार्ग दाखविणारी व्यवस्था त्यांना पुरेशी मिळाली नाही. एका पिढीचे कौशल्य असे विरून गेले. आज चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील कोळसा खाणींवर हजारो कुटुंबे अवलंबून आहेत. कोणत्याही खाणीतला कोळसा अक्षय नसतो. खाण बंद होण्याच्या दिवशी विचार सुरू करावयाचा की त्यापूर्वी काही वर्षे, हा निर्णय आपल्याच हाती आहे.

महाराष्ट्राजवळ साधने नाहीत असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख खेड्यापाड्यांत पोचविली आहे. परंतु संगणकाची ओळख आणि संगणकावरचा व्यवसाय यांत अंतर आहे. ते ओलांडण्यासाठी शिकणाऱ्याला काही महिन्यांचा आधार लागतो. काम मागणाऱ्या हाताला काम आणि कामाला दाम, हे तत्त्व या राज्याने रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याने देशात प्रथम स्वीकारले. बेकाराने शिकावयाचे काही महिने हेही काम समजून त्याला दाम द्यावा, हा त्याच तत्त्वाचा पुढचा टप्पा ठरेल.

या कामी प्रत्येकाचा वाटा वेगळा आहे. अधिकाऱ्यांनी वर्ग मंजूर करताना 'किती जणांना प्रमाणपत्र मिळेल' यापेक्षा 'कोण कामावर घेणार आहे' हा प्रश्न प्रथम विचारावा, आणि वर्गाचे यश एक वर्षानंतर कितीजण कामावर टिकून आहेत यावरून मोजावे. शिक्षकांनी प्रौढ विद्यार्थ्याला बालवर्गात बसविल्यासारखे शिकवू नये. 'जर', 'तर', 'तोपर्यंत' या संकल्पना मराठीतून, त्याच्या रोजच्या व्यवसायातील उदाहरणांनी समजावून द्याव्यात. इंग्रजी शब्द मागाहून येतील. पहिल्या महिन्यात तो अडखळेल, तेव्हा तो मंद आहे असे नव्हे, तर फार दिवसांनी शिकावयास बसला आहे, हे ओळखावे.

पंचायत सदस्यांचे काम याहूनही मोलाचे आहे. गावात कोण किती दिवस कामावाचून आहे, हे कोणत्याही नोंदवहीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. संगणक कक्ष सायंकाळी दोन तास खुला ठेवणे, वाचनालयात चार उपयुक्त मराठी पुस्तके आणणे, ही त्यांच्या आवाक्यातील गोष्ट आहे. गावचेच एखादे लहान काम शिकणाऱ्यांच्या हाती देता येईल. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी काढणारी, किंवा पाणीपुरवठ्याच्या विहिरीची पातळी आठवड्याला नोंदविणारी साधी आज्ञावली गावच्याच तरुणाने लिहिली, ती ग्रामसेवकाने वापरली आणि चुकीची दुरुस्ती पुन्हा त्याच्याकडूनच करून घेतली, तर त्या तरुणाजवळ प्रमाणपत्राहून मोठी गोष्ट येते. आपण केलेले काम कोणाच्या तरी उपयोगी पडले, हा पुरावा तो पुढच्या मालकासमोर ठेवू शकतो.

शेवटी ९०० अर्ज आणि दहा जागा या हिशेबाकडे पुन्हा यावयास हवे. आज्ञावली लेखन हा सर्व बेकारीवरचा उतारा नाही. सर्वांनाच ते जमेल, आवडेल किंवा मिळेल असे नाही; आणि तसे आश्वासन देणे म्हणजे पश्चिम व्हर्जिनियाची चूक पुन्हा करणे होय. कोणी वीजतंत्री होईल, कोणी सौरपंप दुरुस्त करील, कोणी शेतीमालावरील प्रक्रियेकडे वळेल. पाइकव्हिलचा धडा व्यवसायाच्या निवडीत नाही, तो रीतीत आहे : माणसाचे जुने ज्ञान आधी ओळखा, शिकताना त्याच्या घरची चूल विझू देऊ नका, आणि शिक्षणाच्या टोकाला काम बांधून ठेवा. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर बाटल्या भरण्याच्या जुन्या कारखान्यातही नवे काम उभे राहू शकते.

बेकार माणूस हा कोरी पाटी नसतो. त्या पाटीवर पुष्कळ काही लिहिलेले असते. आपण ते वाचावयास शिकलो, तर त्याखाली नवी ओळ लिहिणे त्याला फारसे अवघड जाणार नाही.